छायाचित्रावरून फळमाशीच्या सदृश जातींची ओळख : लक्षणे, मर्यादा आणि नोंदीची शिस्त

सारांश

आंबा, पेरू, चिकू यांसारख्या फळांना उपद्रव करणाऱ्या बॅक्ट्रोसेरा प्रजातीतील तीन जाती, म्हणजे बॅ. डॉर्सालिस, बॅ. झोनाटा आणि बॅ. करेक्टा, महाराष्ट्रात आढळतात. त्या दिसण्यात इतक्या सारख्या आहेत की छायाचित्रावरून नाव देताना त्यांची गल्लत सहज होते. प्रस्तुत लेखात या तीन जातींची भेददर्शक लक्षणे, रंगावर विसंबण्यातील धोका, छायाचित्राच्या मर्यादा आणि उपयुक्त छायाचित्रणाची पद्धत यांचे विवेचन केले आहे. पंखाची पुढील कडा आणि चेहरा ही दोन लक्षणे स्पष्ट दिसत असतील तर या तिघींमधील भेद करता येतो. ती दिसत नसतील तर ओळख प्रजातीच्या किंवा जाति-समूहाच्या पातळीवर थांबवणे हेच शास्त्रशुद्ध ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : फळमाशी, बॅक्ट्रोसेरा, सदृश जाती, छायाचित्र, ओळख-किल्ली.

प्रस्तावना

डिजिटल कॅमेरा आणि कॅमेरा असलेला भ्रमणध्वनी सर्वत्र पोहोचल्यापासून महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांकडे ओळखीसाठी येणाऱ्या कीटकांचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी काचेच्या नळीत किंवा टाचणीला टोचलेला प्रत्यक्ष कीटक येत असे. आता बहुधा त्याचे छायाचित्र येते. विद्यार्थ्याच्या प्रकल्पात, परिसराच्या जैवविविधता नोंदवहीत, बागायतदाराच्या शंकेत सर्वत्र एकच प्रश्न असतो : ही कोणती माशी?

या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यावर मोठी जबाबदारी असते, कारण एकदा दिलेले नाव पुढे जाते. ते प्रकल्प-अहवालात छापले जाते, जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीत प्रविष्ट होऊ शकते आणि पुढील अभ्यासक त्याचा आधार घेतात. मूळ कीटक जपून ठेवलेला नसेल तर चुकीची दुरुस्ती करण्याचा मार्गही उरत नाही. म्हणून एखाद्या छायाचित्रावरून किती सांगता येते आणि कोठे थांबावे लागते, याचा विचार अध्यापकांनी करणे अगत्याचे आहे. त्यासाठी फळमाशीइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

उद्दिष्टे

१. फळमाशीच्या तीन सदृश जातींमधील, छायाचित्रात दिसू शकणारी भेददर्शक लक्षणे स्पष्ट करणे.
२. रंग हे लक्षण अपुरे का ठरते, हे वर्गीकरणाच्या इतिहासाच्या आधारे दाखवणे.
३. छायाचित्रावरून ओळखीच्या मर्यादा आणि त्या कमी करण्याचे उपाय मांडणे.

संज्ञांचा खुलासा

प्रस्तुत लेखात 'प्रजाती' ही संज्ञा जीनस या अर्थाने आणि 'जाती' ही संज्ञा स्पीशीज या अर्थाने योजली आहे. 'फळमाशी' या शब्दाबाबतही खुलासा आवश्यक आहे. आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत ज्या माशीला फळमाशी म्हणतात ती ड्रोसोफिला होय. ती ड्रोसोफिलिडी कुलातील असून बहुतांशी पिकून आंबू लागलेल्या फळांवर येते. बागायतदार ज्या माशीला फळमाशी म्हणतो ती टेफ्रिटिडी कुलातील असते. तिची मादी आपली टोकदार अंडनलिका फळाच्या सालीत खुपसून आत अंडी घालते. अळ्या गरावर वाढतात, पूर्ण वाढ झाल्यावर फळातून बाहेर पडून मातीत कोषावस्थेत जातात. येथे केवळ या दुसऱ्या फळमाशीचा विचार केला आहे. दोन्ही माश्यांसाठी मराठीत एकच नाव रूढ असल्याने विद्यार्थ्यांच्या लेखनात त्यांची सरमिसळ होते, हे अध्यापकांच्या अनुभवाचे आहे.

जुन्या भारतीय ग्रंथांत डॅकस डॉर्सालिस, डॅकस झोनाटस अशी नावे आढळतात. त्या जाती आता बॅक्ट्रोसेरा प्रजातीत समाविष्ट केल्या जातात. जुने संदर्भ वाचताना हा बदल ध्यानात घ्यावा लागतो.

अचूक ओळखीचे व्यावहारिक महत्त्व

नावाची चूक सर्वच ठिकाणी सारखीच महाग पडते असे नाही. ती कोठे महाग पडते हे पाहिल्यास कोणत्या लक्षणांकडे अधिक लक्ष द्यावे, हेही कळते.

पहिले उदाहरण सापळ्यांचे आहे. बिहारमधील पुसा येथे कार्यरत असलेले कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट यांनी १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर आकर्षित होतात, असे नोंदवले आणि १९१५ मध्ये त्या आकर्षणामागील द्रव्य मिथाइल युजेनॉल असल्याचे दाखवले. आजचे फळबागेतील सापळे याच शोधावर आधारलेले आहेत. डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा या तिन्ही जातींचे नर मिथाइल युजेनॉलकडे येतात. त्यामुळे सापळ्यापुरते पाहिल्यास या तिघींत गल्लत झाली तरी बागायतदाराचे नुकसान होत नाही. परंतु काकडीवर्गीय पिकांवरील झ्युगोडॅकस कुकुर्बिटी या माशीचे नर मिथाइल युजेनॉलकडे येत नाहीत. ते क्यू-ल्युअर या वेगळ्या द्रव्याकडे येतात. कारल्याच्या मांडवातील माशीला आंब्यावरील माशी समजून मिथाइल युजेनॉलचा सापळा लावला, तर खरी उपद्रवी माशी त्यात सापडणारच नाही. पीक मात्र किडत राहील.

दुसरे उदाहरण निर्यातीचे आहे. फळमाशीच्या कारणावरून जपानने १९८६ मध्ये भारतीय आंब्यावर घातलेली बंदी २० वर्षांनी, २००६ मध्ये, बाष्प-उष्णता प्रक्रियेच्या अटीवर उठवली. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा आणि अळू, कारले, वांगे व पडवळ या चार भाज्यांची आयात थांबवली. पाठवलेल्या मालात फळमाशीसह अन्य किडी आढळल्याचे कारण त्यामागे होते. आंब्यावरील ही बंदी २०१५ च्या आरंभी उठली. संगरोधाच्या याद्यांत कीड जातीच्या नावाने नोंदली जाते. कोणत्या प्रदेशात कोणती जाती आहे या माहितीवर अटी ठरतात, आणि त्या माहितीचा पाया स्थानिक नोंदी हाच असतो.

अवयव आणि निरीक्षणाचा क्रम

छायाचित्रातील कीटक ही माशीच आहे, याची खात्री प्रथम करावी. फळमाश्यांचा पिवळा-तपकिरी-काळा वेश आणि कमरेशी आवळलेला देह यांमुळे त्या गांधीलमाशीसारख्या भासतात. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीला एकच जोडी असून मागील जोडीच्या जागी घुंडीसारखे दोन संतोलक असतात.

त्यानंतर निरीक्षण ठरावीक क्रमाने करावे : पंख, चेहरा, वक्षाची पाठ, उदर, पाय. या क्रमाचे कारण असे की पंखावरील पट्टे आणि चेहऱ्यावरील डाग यांची मांडणी तुलनेने स्थिर असते, तर वक्षाचा व उदराचा रंग बदलता असतो. सामान्य निरीक्षक नेमका उलट्या क्रमाने जातो. त्याला आधी एकंदर रंग दिसतो, त्यावरून तो मनात नाव ठरवतो आणि मग उरलेली लक्षणे त्या नावाशी जुळवून घेतो. बहुतेक चुका येथेच होतात.

या प्रजातीतील माशीच्या वक्षाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक पिवळा उभा पट्टा असतो आणि वक्षाच्या मागील टोकाशी ढालीसारखा पिवळा भाग दिसतो. उदराच्या पाठीवर अनेकदा इंग्रजी 'टी' अक्षरासारखी काळी खूण असते. ही लक्षणे ओळखीच्या पहिल्या टप्प्यात उपयोगी असली, तरी अनेक जातींत समान असल्याने जाती ठरवण्यास पुरेशी नाहीत.

तीन जातींची भेददर्शक लक्षणे

बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस : पंखाच्या पुढील कडेने जाणारा अरुंद तपकिरी पट्टा पंखाच्या टोकापर्यंत अखंड असतो. चेहऱ्यावर दोन सुटे काळे गोलसर डाग असतात. वक्षाची पाठ पुष्कळदा काळी असते. तथापि ती तांबूस-तपकिरीही असू शकते.

बॅक्ट्रोसेरा झोनाटा : पंखाच्या कडेचा पट्टा अखंड नसतो. कडेच्या मध्यभागी तो तुटतो आणि पंखाच्या टोकाशी तपकिरी ठिपका वेगळा दिसतो. चेहऱ्यावरील दोन काळे डाग डॉर्सालिसप्रमाणे सुटे असतात. वक्ष व उदर यांचा रंग तांबूस-तपकिरी असतो.

बॅक्ट्रोसेरा करेक्टा : पंखाचा पट्टा झोनाटाप्रमाणे तुटलेला असून टोकाशी सुटा ठिपका असतो. चेहऱ्यावरील काळ्या खुणा मात्र आडव्या पसरलेल्या असतात. त्या मध्यभागी एकमेकींना भिडतात किंवा जवळजवळ भिडतात आणि तोंडाच्या वर एक आडवी काळी रेघ दिसते. वक्षाची पाठ बहुधा काळी असते.

ही लक्षणे एकत्र ठेवून पाहिली असता गल्लतीचे कारण उलगडते. प्रत्येक लक्षण एका जातीला वेगळे करते आणि उरलेल्या दोघींना एकत्र आणते. पंख पाहिला तर डॉर्सालिस वेगळी पडते, पण झोनाटा व करेक्टा सारख्या दिसतात. चेहरा पाहिला तर करेक्टा वेगळी पडते, पण डॉर्सालिस व झोनाटा सारख्या दिसतात. वक्षाचा रंग पाहिला तर झोनाटा वेगळी पडल्यासारखी वाटते. काळ्या डॉर्सालिस व करेक्टा एकत्र येतात, आणि डॉर्सालिसचा एखादा तांबूस नमुना पुन्हा झोनाटाच्या पंक्तीत जाऊन बसतो. एकाच बाजूने घेतलेले, एकच लक्षण दाखवणारे छायाचित्र या तिघींसाठी म्हणूनच पुरत नाही.

यावरून या तिघींपुरती एक छोटी ओळख-किल्ली तयार होते :

१. पंखाच्या पुढील कडेचा पट्टा टोकापर्यंत अखंड — डॉर्सालिस (अथवा तिच्या समूहातील निकटची जाती).
   पट्टा मध्ये तुटलेला, टोकाशी सुटा ठिपका — क्रमांक २ पाहावा.
२. चेहऱ्यावर दोन सुटे गोलसर डाग — झोनाटा.
   चेहऱ्यावर आडवी काळी रेघ किंवा जवळजवळ भिडलेल्या आडव्या खुणा — करेक्टा.

या किल्लीत रंगाचा आधार कोठेही घेतलेला नाही, ही बाब मुद्दाम लक्षात घ्यावी. भारतात या प्रजातीच्या इतरही अनेक जाती असल्यामुळे किल्लीचा उपयोग उपरोक्त तिघींमधील भेदापुरताच करावा. दक्षिण भारतात आढळणारी बॅ. कॅरिई ही डॉर्सालिसच्या समूहातीलच जाती आहे. म्हणून पंखाचा पट्टा अखंड असलेल्या माशीच्या मांड्यांवर काळे डाग आहेत काय, हेही तपासावे लागते.

काकडीवर्गीय पिकांवरील झ्युगोडॅकस कुकुर्बिटी ही माशी वरील तिघींपासून सहज वेगळी करता येते. तिच्या वक्षाच्या पाठीवर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांखेरीज मध्यभागी तिसरा पिवळा पट्टा असतो. पंखाच्या कडेचा पट्टा रुंद असून टोकाशी मोठ्या डागात संपतो आणि पंखाच्या आडव्या शिरेवर तपकिरी सावट असते. झ्युगोडॅकस टाऊ या तिच्या भगिनी-जातीतही तिसरा पिवळा पट्टा असतो, परंतु आडव्या शिरेवरील सावट नसते. येथेही अंतिम निर्णय पंखच देतो.

रंगाची अविश्वसनीयता : डॉर्सालिस समूहाचा धडा

रंगावर विसंबण्याचा मोह केवळ नवशिक्यांना होतो असे नाही. डॉर्सालिस समूहाच्या वर्गीकरणाचा इतिहास याची साक्ष देतो.

ड्रू आणि हॅनकॉक यांनी १९९४ मध्ये आशियातील डॉर्सालिस समूहाची सविस्तर फेरमांडणी केली आणि त्यात ५२ जाती वर्णिल्या. बॅ. पपाये, बॅ. फिलिपिनेन्सिस आणि बॅ. कॅरॅम्बोले ही नावे त्या वेळी पुढे आली. पुढील वर्षी, १९९५ मध्ये, ऑस्ट्रेलियातील केर्न्स परिसरात पपाये आढळली आणि तिचे निर्मूलन १९९९ मध्ये पूर्ण झाले. २००३ मध्ये केनियात या समूहातील एक माशी आढळली. तिच्या वक्षाचा रंग फिकट तांबूस-तपकिरीपासून काळ्यापर्यंत बदलता होता. ड्रू, त्सुरुता आणि व्हाइट यांनी २००५ मध्ये तिचे वर्णन बॅ. इन्व्हेडेन्स या नव्या नावाने केले. ती श्रीलंकेतही आढळत असल्याचे ज्ञात होते. आफ्रिकेत ती वेगाने पसरली आणि तेथील फळनिर्यातीपुढे गंभीर प्रश्न उभा राहिला.

या जाती खरोखर वेगळ्या आहेत काय, याचा शोध पुढे अनेक अंगांनी घेण्यात आला. शरीररचना, डीएनए, नरांचे कामगंध आणि परस्पर-समागमाची क्षमता यांचा एकत्रित विचार करून शुट्झ आणि सुमारे २० देशांतील जवळपास ५० संशोधकांनी २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला की पपाये, फिलिपिनेन्सिस आणि इन्व्हेडेन्स या डॉर्सालिसहून वेगळ्या जाती नाहीत. कॅरॅम्बोले मात्र वेगळी आहे. काही वर्गीकरणतज्ज्ञांनी या निष्कर्षाशी मतभेद नोंदवले असले, तरी हे एकत्रीकरण आता व्यापक प्रमाणात स्वीकारले गेले आहे.

यातून छायाचित्र पाहणाऱ्याने घ्यायचा बोध स्पष्ट आहे. वक्षाच्या रंगातील जो फरक डोळ्यांना सर्वप्रथम जाणवतो, तो एकाच जातीच्या अंतर्गत भिन्नतेचा भाग असू शकतो. उलट, कॅरॅम्बोलेला डॉर्सालिसपासून वेगळे करणारे फरक, जसे पंखाच्या टोकाशी कडपट्ट्याचे किंचित रुंदावणे किंवा उदराच्या चौथ्या खंडाच्या कोपऱ्यातील काळ्या खुणेचा चौकोनी आकार, इतके सूक्ष्म आहेत की सर्वसाधारण छायाचित्रात ते निसटतात. डोळ्यात भरणारा फरक निरर्थक आणि जेमतेम दिसणारा फरक निर्णायक, अशी स्थिती निसर्गात वारंवार आढळते.

छायाचित्राच्या मर्यादा

पहिली मर्यादा अशी की काही लक्षणे बाहेरून दिसतच नाहीत. आनुवंशिकीच्या अध्यापकांना परिचित असलेले ड्रोसोफिलाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ड्रोसोफिला सिम्युलन्स ही जाती ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरपासून वेगळी असल्याचे स्टर्टेव्हंट यांनी १९१९ मध्ये दाखवले. त्यांच्यातील नरांचा भेद जननेंद्रियांच्या आकारावरून होतो. माद्या सूक्ष्मदर्शकाखालीही सहजासहजी वेगळ्या करता येत नाहीत. फळमाशीतही मादीच्या अंडनलिकेची लांबी आणि टोकाचा आकार यांसारखी लक्षणे विच्छेदनाखेरीज मिळत नाहीत.

दुसरी मर्यादा माशीच्या वयाची आहे. कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माशीचा रंग फिकट असतो व पंखांवरील पट्टे अस्पष्ट असतात. अशा माशीचे छायाचित्र कोणत्याही किल्लीत बसत नाही. सापळ्यात दीर्घकाळ पडून राहिलेल्या किंवा अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या माशीचा रंगही बदलतो.

तिसरी मर्यादा अवस्थेची आहे. फळातील अळीच्या छायाचित्रावरून जाती ठरवू नये. अशी फळे जाळीदार झाकण असलेल्या भांड्यात, तळाशी वाळू किंवा माती घालून ठेवावीत आणि बाहेर येणाऱ्या प्रौढ माश्या साखर व पाणी देऊन काही दिवस जगवाव्यात, म्हणजे त्यांचे रंग व पट्टे पूर्ण विकसित होतात.

चौथी मर्यादा संदर्भाची आहे. 'आंब्यावर सापडली म्हणून डॉर्सालिस' हा युक्तिवाद टिकत नाही, कारण आंबा व पेरू या दोन्ही फळांवर तिन्ही जाती येतात. सापळ्यातील संग्रहात नरच येतात, तर फळावर बसून अंडी घालताना टिपलेली माशी मादी असते. दोन्हींची तुलना करताना हा भेद विसरता कामा नये.

डीएनए चाचणी हा शेवटचा आधार मानला जातो, परंतु तिलाही मर्यादा आहेत. प्राण्यांच्या ओळखीसाठी सर्वत्र वापरला जाणारा सीओआय जनुकखंड झोनाटा व करेक्टा यांना डॉर्सालिसपासून वेगळे करू शकतो, पण डॉर्सालिस समूहाच्या आतील निकटच्या जातींमध्ये तो पुरेसा भेद करत नाही. तेथे इतर जनुकखंडांचे साहाय्य घ्यावे लागते. शिवाय या चाचणीसाठी मुळात माशी जपलेली असावी लागते. केवळ छायाचित्र उरले असेल तर तोही मार्ग बंद होतो.

उपयुक्त छायाचित्रणाची पद्धत

बऱ्याचशा मर्यादा छायाचित्रण करतानाच कमी करता येतात. त्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. भ्रमणध्वनीला जोडता येणारे सूक्ष्मदर्शी भिंग आणि थोडी शिस्त पुरेशी होते.

१. जिवंत माशी झाकणबंद नळीत घालून शीतकपाटाच्या साध्या कप्प्यात काही मिनिटे ठेवावी. ती सुस्त झाल्यावर स्थिर छायाचित्र घेता येते.
२. किमान पाच बाजू टिपाव्यात : पाठीकडून संपूर्ण माशी, समोरून चेहरा, एका बाजूने संपूर्ण देह व पाय, पसरलेला पंख आणि उदराची पाठ.
३. पंख पांढऱ्या कागदावर पसरून टिपावा. काळ्या पार्श्वभूमीवर पातळ पंखात इंद्रधनुषी छटा उमटतात आणि तपकिरी पट्टा कोठे संपतो हे कळेनासे होते.
४. प्रकाश थेट न पाडता बटर पेपरमधून गाळून घ्यावा. चकचकीत वक्षावर पडलेली प्रकाशाची तिरीप पिवळ्या पट्ट्याचा आभास निर्माण करू शकते.
५. माशीशेजारी आलेख-कागदाचा तुकडा ठेवावा, म्हणजे आकारमान मिलिमीटरमध्ये कळते.
६. छायाचित्रातील रंग संगणकावर गडद किंवा उठावदार करू नयेत. मूळ प्रत जतन करावी.
७. स्थळ, दिनांक, फळाचे नाव किंवा सापळ्यातील द्रव्य आणि संग्राहकाचे नाव यांची नोंद छायाचित्राबरोबरच करावी.
८. माशी जपून ठेवावी. शरीररचनेच्या अभ्यासासाठी ती टाचणीवर आणि डीएनए चाचणीसाठी तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवणे इष्ट.

या आठ सूचनांपैकी शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. छायाचित्र हे नमुन्याचे पूरक साधन आहे. त्याची जागा ते घेऊ शकत नाही.

एक उदाहरण

समजा, पेरूच्या बागेतील एका माशीचे पाठीकडून घेतलेले छायाचित्र विभागाकडे आले. वक्ष काळा आहे, दोन पिवळे पट्टे दिसतात, उदरावर 'टी' आकाराची खूण आहे. पण पंख मिटलेले असून त्यांची कडा अंधुक आहे. या छायाचित्रावरून 'बॅक्ट्रोसेरा प्रजाती' एवढेच नाव देता येईल. डॉर्सालिस व करेक्टा या दोन्ही शक्यता खुल्या राहतात आणि रंगामुळे झोनाटा असण्याची शक्यता कमी वाटते, असे टिपणात लिहिता येईल.

त्याच माशीचे दुसरे छायाचित्र आले आणि त्यात पंखाचे टोक स्पष्ट दिसले. कडेचा पट्टा तुटलेला असून टोकाशी सुटा ठिपका आहे. आता डॉर्सालिस बाद झाली. काळ्या वक्षामुळे करेक्टाकडे कल झुकतो, परंतु हा कल रंगावर आधारलेला असल्याने निर्णय राखून ठेवावा. तिसऱ्या छायाचित्रात चेहरा समोरून दिसला आणि त्यावर आडवी काळी रेघ आढळली, की 'बॅक्ट्रोसेरा करेक्टा' हे नाव कारणांसह लिहिता येते. प्रत्येक टप्प्यावर दिलेले उत्तर त्या टप्प्यावरील पुराव्यापुरते बरोबर होते. पहिल्याच छायाचित्रावरून 'करेक्टा' असे सांगणाऱ्याचे उत्तरही अखेरीस बरोबर ठरले असते. पण तो योगायोग ठरला असता, ओळख नव्हे.

संगणकीय ओळखीविषयी

छायाचित्र पाहून कीटकाचे नाव सुचवणाऱ्या संगणक-प्रणाली आता सहज उपलब्ध आहेत. अशी प्रणाली आधी नावे दिलेल्या असंख्य छायाचित्रांवरून शिकते आणि नवे छायाचित्र त्यांपैकी कोणत्या गटाशी अधिक जुळते ते सांगते. तिच्या उपयुक्ततेविषयी शंका नाही. कुल किंवा प्रजाती शोधण्याचा वेळ ती वाचवते. तथापि शिकवताना वापरलेल्या छायाचित्रांना चुकीची नावे दिलेली असतील तर तीच चूक प्रणाली पुढे चालवते. जे लक्षण छायाचित्रात आलेलेच नाही ते प्रणालीलाही दिसत नाही. तरीही ती सर्वाधिक जुळणारे नाव पुढे करते. विद्यार्थ्याने असे नाव आणल्यास 'पंखाची कडा कशी आहे? चेहऱ्यावर काय दिसते?' हे दोन प्रश्न अध्यापकांनी विचारावेत. उत्तर छायाचित्रात नसेल, तर सुचवलेले नाव हा केवळ अंदाज समजावा.

निष्कर्ष

१. डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा या तीन फळमाश्यांमधील भेद छायाचित्रावरून करता येतो. मात्र त्यासाठी पंखाची पुढील कडा आणि चेहरा ही दोन्ही लक्षणे स्पष्ट दिसली पाहिजेत.
२. वक्षाचा व उदराचा रंग हे दुय्यम लक्षण आहे. डॉर्सालिस समूहाच्या वर्गीकरणाचा १९९४ ते २०१५ या काळातील इतिहास हेच दर्शवतो.
३. लक्षणे दिसत नसतील तेथे नाव प्रजातीच्या किंवा जाति-समूहाच्या पातळीवर थांबवावे आणि कोणते लक्षण दिसले नाही ते नोंदवावे. 'बॅक्ट्रोसेरा, जाती अनिश्चित. चेहरा दिसत नाही' ही नोंद अपूर्ण असली तरी खरी असते आणि पुढील अभ्यासकाला नेमके काय शोधायचे ते सांगते.
४. छायाचित्राबरोबर मूळ नमुना व त्याची माहिती जतन करण्याची सवय पदवी स्तरापासूनच लावली पाहिजे.

प्राणिशास्त्राच्या अध्यापनात नावे पाठ करून घेण्यावर बराच वेळ खर्च होतो. नाव कशाच्या आधारे दिले, हे लिहून घेण्यावर त्यातला थोडा वेळ खर्च झाला तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प व स्थानिक नोंदवह्या अधिक विश्वासार्ह होतील. आणि आपल्या बागेतील माशीचे नाव विचारण्यासाठी आलेल्या बागायतदाराला विभागाकडून मिळालेल्या उत्तरावर निर्धास्तपणे विसंबता येईल.